घरच्या पोर्चमध्ये गाडीची लिफ्ट: मशीन बघण्याआधी छत मोजा, जमीन ठोकून बघा

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा अकोट्याला आमच्या काकांच्या पोर्चमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. एक स्विफ्ट आणि एक क्रेटा. क्रेटा चुलतभावाने कशीबशी उंचावरच्या रस्त्याला नेऊन लावली. स्विफ्ट राहिली. सकाळी पायरीला लागलेलं पाणी दुपारपर्यंत तिच्या सीटवर चढलं. काका-काकू वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत बसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. पाणी ओसरल्यावर मी दार उघडलं तर चहाच्या रंगाचं पाणी भसकन पायावर आलं. मागच्या सीटच्या खाचेत दोन बोटं गाळ बसलेला होता आणि पुढच्या दिव्याच्या काचेत मातकट पाणी हलत होतं.

फतेहगंज, समा, सयाजीगंज, मुजमहुडा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच झालं. तेव्हापासून पावसाळा जवळ आला की नात्यातून, ओळखीतून मला एकच विचारणा होते: "घरी गाडी उचलायची लिफ्ट बसवता येईल का गं? मोबाईलवर बघितली, छान वाटते." मी कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल केलंय, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. उत्तर "हो, बसवता येते" असंच आहे. पण लिफ्ट ही फ्रीजसारखी आणून, पिन लावून चालू करायची वस्तू नाही. ती अर्धी मशीन आणि अर्धं बांधकाम आहे, आणि घरोघरी चूक होते ती बांधकामात.

लिफ्टचे प्रकार

घराच्या कामाच्या तीनच आहेत.

पहिली दोन खांबांची. सर्व्हिस सेंटरमध्ये दिसते ती हीच. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब, त्यातून निघालेले हात गाडीच्या पोटाखाली जातात आणि उचलतात. चाकं लोंबकळत राहतात, म्हणून ब्रेक, सस्पेन्शन, टायर यांचं काम करायला ही उत्तम.

दुसरी चार खांबांची. गाडी दोन लांब फळ्यांवर चढवायची आणि फळ्यांसकट वर न्यायची. गाडी आपल्या चाकांवरच उभी असते. गाडी ठेवायला, एकीखाली दुसरी लावायला किंवा पाण्यापासून वाचवायला हिचा उपयोग.

तिसरी कात्रीची. आडव्या चौकटी कात्रीसारख्या उघडत जातात आणि गाडी वर येते. बुटकी कात्री साधारण मीटरभर उचलते, मिटली की जमिनीलगत होते. पण गाडीच्या पोटाचा मधला भाग ती स्वतःच अडवते.

दोन खांब आणि चार खांब यांतला फरक नीट कळला की पुढचं सगळं सोपं जातं. चार खांबांची लिफ्ट म्हणजे खाट. चारही पायांवर भार सरळ खाली उतरतो. दोन खांबांची म्हणजे भरलेली बादली हात लांब करून धरून उभा राहिलेला माणूस. त्याला बादलीचं वजन पेलायचं असतंच, शिवाय पुढे कोलमडायचंही नसतं. तो सगळा जोर पावलांत येतो. खांबाचं पाऊल म्हणजे त्याची बुडाची लोखंडी प्लेट, आणि ती जमिनीत किती घट्ट रुतली आहे त्यावर गाडीचं आणि खालच्या माणसाचं भवितव्य ठरतं. म्हणून ज्यांना घरी दुरुस्ती करायची नाही, गाडी फक्त वर ठेवायची आहे, त्यांना मी चार खांबांचीच सुचवते. दोन खांबांची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

तेल उचलतं, खाच धरते

लिफ्टमध्ये उचलण्याचं काम तेल करतं. बंद नळीतल्या तेलावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम. बारीक पंपाने दाब द्यायचा, जाड सिलिंडरमध्ये त्याचा मोठा जोर मिळतो. न्हाव्याची खुर्ची पायाने दाबत वर नेतात तिथे हेच चालू असतं. यालाच हायड्रॉलिक म्हणतात.

पण तेल गळतं. वॉशर झिजतो, पाइपला चीर जाते. म्हणून प्रत्येक चांगल्या लिफ्टच्या खांबात ठरावीक अंतरावर खाचा असतात. गाडी वर जाताना एक लोखंडी खटका टक-टक करत एकेका खाचेवरून सरकतो. जुन्या आरामखुर्चीच्या पाठीमागचा दांडा आपण हव्या त्या खाचेत अडकवायचो, तसंच. हव्या उंचीला पोचल्यावर गाडी थोडी खाली सोडायची, म्हणजे खटका खाचेत बसतो आणि वजन तेलावरून लोखंडावर येतं. त्यानंतर तेल सगळं वाहून गेलं तरी गाडी हलत नाही.

शिकत असताना मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी दोन महिने उमेदवारी केली. एका संध्याकाळी घाईत एक गाडी खाचेवर न बसवता तशीच वर ठेवून सगळे घरी गेले. सकाळी शटर उघडलं तेव्हा ती गाडी दोन फूट खाली आलेली होती आणि खाली राहिलेला पत्र्याचा टूलबॉक्स पापडासारखा चपटा झाला होता. रात्री तिथे कुणी नव्हतं म्हणून टूलबॉक्सवर भागलं. मी आजही कुठल्याही लिफ्टखाली जाण्याआधी सगळे खटके डोळ्यांनी बघते. दोन खांबांच्या लिफ्टला दोन, चार खांबांच्याला चार. एकही राहिला असेल तर खाली जायचं नाही.

आधी डोक्यावर: उंचीचा हिशेब

सगळे मला आधी लिफ्टची किंमत विचारतात. मी आधी छताची उंची विचारते. आपल्याकडच्या बंगल्याच्या पोर्चला साधारण १० फूट मिळतात, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. आता काकांचा हिशेब बघा. त्यांची नवी स्विफ्ट १५२० मिलिमीटर उंच आहे, क्रेटा १६३५. एकावर एक ठेवल्या तर नुसत्या गाड्यांचेच ३१५५ झाले. छत तिथेच संपलं. त्यात लिफ्टच्या फळीची जाडी सुमारे १५० आणि वर-खाली मिळून १०० मिलिमीटर मोकळी जागा धरली, तर ३४०५ लागतात. म्हणजे सव्वाअकरा फुटांच्या जवळपास.

काका हिरमुसले. "म्हणजे नाहीच होणार?"

"काका, तुम्हाला दोन गाड्या एका जागेत लावायच्या आहेत, की पुरात एक वाचवायची आहे?" मी विचारलं. या दोन गरजा वेगळ्या आहेत, आणि लिफ्ट घेण्याआधी आपली कोणती ते ठरलेलं असलं पाहिजे. एकच स्विफ्ट वर न्यायची असेल तर १५२० अधिक फळीचे १५०, बाकी जागा उचलायला. पोर्चचा स्लॅब १० फुटांवर आहे, पण मधून ९ इंचांचा बीम खाली उतरलाय. तो वजा केला, वर चार बोटं मोकळी सोडली, तरी फळीखाली जवळपास ११०० मिलिमीटर मिळतात. म्हणजे टायर जमिनीपासून चार फुटांवर. २०२४ मध्ये काकांच्या पोर्चमध्ये पाणी सीटपर्यंत, म्हणजे दोन-सव्वादोन फूट चढलं होतं. काम भागलं.

मोजताना टेप स्लॅबला लावू नका, सर्वांत खाली लोंबणाऱ्या वस्तूला लावा. बीम, पंखा, ट्यूबलाइटची पट्टी, रोलिंग शटर असेल तर त्याची गुंडाळी, पावसाच्या पाण्याचा आडवा पाइप. गाडीची उंची मोजताना छतावरचा अँटेना आणि कॅरियरही धरा.

"पोर्चबाहेर अंगणात बसवली तर? वर आकाशच आहे," हा प्रश्न हमखास येतो. बसवता येते. मग गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली लिफ्ट घ्या, कारण नुसता पावडरचा रंग दोन-तीन पावसाळ्यांत फुगायला लागतो. मोटर झाकलेली हवी. आणि उंच शेड बांधायची असेल तर प्लॉटच्या मोकळ्या सोडायच्या जागेचे नियम आर्किटेक्टला विचारून घ्या.

लांबी-रुंदीही बघा. चार खांबांची लिफ्ट बाहेरून सुमारे २६०० ते २७०० मिलिमीटर रुंद भरते आणि चढायच्या उतरणीसकट लांबी पाच मीटरच्या पुढे जाते. गेट आतल्या बाजूला उघडत असेल तर ते उतरणीला अडेल.

मग पायाखाली: पोर्चची फरशी म्हणजे पाया नव्हे

या भागाला मी सगळ्यांत जास्त जागा देणार आहे.

चार खांबांच्या लिफ्टवर बाराशे किलोची गाडी आणि लिफ्टचं स्वतःचं सात-आठशे किलो वजन धरलं, तर एकेका खांबाखाली पाचशे किलो येतात. म्हणजे एका लादीएवढ्या जागेवर सात-आठ माणसं कायमची उभी. दोन खांबांच्या लिफ्टला वजनाखेरीज तो बादलीवाला ओढाही असतो, जो बुडाची प्लेट एका कडेने उपटायला बघतो.

आता आपल्या पोर्चखाली काय असतं? वर कोटा किंवा पार्किंग टाइल, तिच्याखाली इंच-दीड इंच मसाला, मग विटांच्या तुकड्यांवर तीन इंच कच्चं काँक्रीट, आणि खाली भराव. गाडी उभी करायला एवढं पुरतं. बोल्ट धरायला नाही.

लिफ्टवाले साधारणपणे किमान चार इंच जाडीचं चांगलं काँक्रीट मागतात. दोन खांबांच्या मोठ्या लिफ्टला सहा इंच किंवा त्याहून अधिक. तुम्ही घेणार त्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा, तेच खरं. काँक्रीटची प्रत एम २०, एम २५ अशी सांगतात. त्याचा अर्थ इतकाच की त्या काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून बघितला, तर दर चौरस मिलिमीटरला २० किंवा २५ न्यूटन दाब सोसायला हवा. घरच्या लिफ्टला मी एम २५ च मागते.

२८ दिवसांवर सगळ्यांची घासाघीस होते. "चार दिवसांत तर वाळतं की!" काँक्रीट वाळत नाही, ते मुरतं. सिमेंट आणि पाणी यांची आत क्रिया चालू असते, आणि तिला पाणी मिळत राहावं लागतं. म्हणून वर मातीची आळी करून पाणी भरून ठेवतात किंवा ओलं गोणपाट अंथरतात. त्याआधी भोक पाडून बोल्ट कसला तर भोकाभोवतीचं काँक्रीट आतून चिरडतं. बाहेरून काही दिसत नाही.

बोल्ट कसा धरतो तेही बघण्यासारखं आहे. अँकर बोल्टच्या खालच्या टोकाला पाचरीसारखा भाग असतो. वरून नट आवळला की बोल्ट वर ओढला जातो, पाचर त्याच्यावरच्या कड्याला फुगवते आणि ते कडं भोकाच्या भिंतीत रुतून बसतं. भोकात ड्रिलची भुकटी राहिली तर ते भुकटीत रुततं, काँक्रीटमध्ये नाही. म्हणून प्रत्येक भोक ब्रशने घासून, हवा मारून साफ करायचं. काँक्रीटच्या कडेपासून, सांध्यापासून, भेगेपासून बोल्ट लांब हवा, निदान सहा इंच. आणि नट अंदाजाने आवळायचा नाही. टॉर्क रेंच म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना. बसवणाऱ्याकडे तो नसेल तर त्या दिवशी काम थांबवा. आठवड्याभराने तेच नट पुन्हा तपासायचे असतात, ही गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत.

बडोद्याच्या बऱ्याच भागांत आणखी एक अडचण आहे, काळी माती. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कंपाउंडच्या भिंती तिरक्या चिरलेल्या आपण बघतो त्या याच मातीमुळे. तिच्यावर पातळ स्लॅब ओतला तर तो दर वर्षी थोडा वर-खाली होणार. चार खांबांपैकी एक जरी बोटभर उचलला गेला, तरी फळ्या तिरप्या होतात आणि त्या ओढणाऱ्या पोलादी दोऱ्यांवर भार विषम येतो. उपाय म्हणजे लिफ्टखालची काळी माती पुरेशी खोल काढून मुरूम भरणं, तो थराथराने पाणी मारून दाबणं आणि मग सळया घातलेला स्लॅब ओतणं. माती फारच वाईट असेल तर खाली फुगीर बुडाचे, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल घेतात. काळ्या मातीसाठीच रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती पद्धत आपल्या देशात रुजवली. किती खोल आणि किती सळई, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर लिहून द्यायचं. मिस्त्रीच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही, पण ही आकडेमोड त्याची नव्हे.

आणि शेवटी जमिनीखालची टाकी. आपल्या घरांतून पोर्चखाली पाण्याची टाकी असणं अगदी नेहमीचं. जुन्या घरात कधी खाळकुवाही. काकांना आपली टाकी "तिकडे जिन्याजवळ कुठेतरी" आहे एवढंच आठवत होतं. मिस्त्रीभाईंनी हातोडीचा दांडा उलटा धरला आणि उकिडवं बसून फरशी ठोकत निघाले. ठक, ठक, ठक, आणि पाचव्या लादीवर एकदम ढब्ब. ते थांबले, मागे सरकून पुन्हा ठोकलं. ढब्ब. मग खडूने त्या आवाजाची कड आखत गेले. पोर्चच्या उजव्या बाजूला पाच फूट बाय सात फुटांचा चौकोन तयार झाला. आम्ही कागदावर लिफ्टचा मागचा उजवा खांब बरोबर त्या चौकोनाच्या मध्यात धरला होता. त्या दिवशी मला थंड घाम आला. पुढे लिफ्टची जागा डाव्या बाजूला सरकवली, आता सगळे खांब टाकीच्या भिंतीपासून तीन फुटांहून लांब आहेत.

तळघराच्या स्लॅबवर, वरच्या मजल्याच्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकवर किंवा टाइल न काढता लिफ्ट बसवायची नाही.

"पण गॅरेजवाले तर सरळ फरशीवर बसवतात!"

काही जण बसवतात, खरं आहे. त्याची दोन उत्तरं. कितीतरी ठिकाणी जी फरशी दिसते ती आधीच जड वाहनांसाठी ओतलेली औद्योगिक जमीन असते, आठ-आठ इंचांची. आणि जिथे ती तशी नाही, तिथे आजवर काही झालं नाही एवढाच पुरावा असतो. बोल्टची पकड एका दिवसात सुटत नाही. रोज केसभर ढिली होते.

वजन आणि पकडायची जागा

लिफ्टवर ३.५ टन, ४ टन असं लिहिलेलं असतं. स्विफ्ट टनाच्या आत-बाहेर, फॉर्च्युनर दोन टनांच्या वर. त्यामुळे क्षमता सहसा अडचण नसते, पण फळ्यांची लांबी आणि चाकांमधलं अंतर मात्र मोठ्या गाडीने तपासा. पुढे मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर आजच मोठी लिफ्ट घेतलेली परवडते.

दोन खांबांची किंवा कात्रीची घेणार असाल तर गाडी कुठे धरायची हे कळलंच पाहिजे. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांना खाली वेगळी लोखंडी चौकट असते. स्विफ्ट, क्रेटा यांना ती नसते, संपूर्ण बॉडीच सांगाडा असतो. त्यांना उचलायच्या ठरावीक चारच जागा असतात आणि त्या गाडीच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेल्या असतात. इतरत्र धरलं तर पत्रा आत जातो. इलेक्ट्रिक गाडीच्या तळाशी पसरलेली बॅटरी असते. तिला लिफ्टचे हात लागता कामा नयेत.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ. डिकीतली पोलादी टाकी ५०-६० किलोची असते, त्यामुळे गाडीचा तोल मागे सरकतो. पेट्रोलच्या गाडीसाठी लावलेले हात तसेच ठेवून सीएनजीची गाडी उचलली तर मागची बाजू जड जाईल. आधी बोटभर उचला, गाडी हलवून बघा, मगच वर न्या. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळला तर छताशी जमतो. म्हणून बंद गॅरेजला वरच्या बाजूला जाळीची खिडकी हवी.

वीज

लिफ्टची मोटर साधारण २.२ किलोवॅटची असते, म्हणजे तीन घोड्यांची. थ्री फेज असेल तर सोपं. घरात सिंगल फेज असेल तर २३० व्होल्टवर चालणारी मोटर मागा, मिळते. ती चालताना पंधराएक अँपियर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून एसीच्या पॉइंटमधून वायर ओढू नका. मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी, आणि पक्कं अर्थिंग. ओल्या पोर्चमध्ये लोखंडी खांबाला हात लावून आपण उभे असतो, त्यामुळे अर्थिंगबरोबर गळतीचा करंट तोडणारा आरसीसीबीही लावा. घराचा मंजूर लोड वीजबिलावर छापलेला असतो, तो पुरतो का ते बघा. घरचा इन्व्हर्टर ही मोटर ओढणार नाही.

बटणाच्या पेटीला किल्ली हवी. घरात मुलं असतात, दुपारी सगळे झोपलेले असतात.

पुरात खरंच उपयोग होईल का?

होईल, पण तीन गोष्टी सांभाळल्या तर.

पाणी चढायला लागलं की सुरक्षेसाठी वीज बंद केली जाते. २०२४ मध्ये कित्येक सोसायट्यांनी ते दिवस अंधारात काढले. म्हणून गाडी वर न्यायची ती पाणी दारात आल्यावर नव्हे, आजवा धरणातून पाणी सोडल्याची आणि विश्वामित्री चढत असल्याची बातमी आली की लगेच. वर न्या, चारही खटके खाचेत बसवा, मोटरचा एमसीबी पाडा.

दुसरं, मोटर आणि तेलाची टाकी कारखान्यातून येते तशी खांबाच्या मध्यावर लावू नका. भिंतीवर, गेल्या पुराच्या खुणेच्या वर लावून घ्या. तेलाचा पाइप थोडा लांब लागेल, एवढंच. तेलात पाणी शिरलं तर ते दुधासारखं पांढुरकं होतं आणि पंप खराब करतं. तसं दिसलं तर लिफ्ट चालवू नका, तेल बदलून घ्या.

तिसरं, उतरवताना. गाडी खाचेवर असेल तर ती आधी दोन-तीन बोटं वर उचलल्याशिवाय खटके सुटत नाहीत. वीज नसेल तर गाडी वरच अडकते. म्हणून लिफ्ट घेतानाच हातपंपाची सोय आहे का ते विचारा. आणि पूर ओसरल्यावर लगेच बटण दाबू नका. विश्वामित्रीच्या मगरी पुरात रस्त्यांवर, अंगणांत आल्याचं आपण सगळ्यांनी पाहिलंय, सापांचं तर विचारूच नका. आधी लांबून बॅटरीच्या उजेडात फळ्यांखाली, खांबांमागे बघा. मग बुडाचे बोल्ट, खालच्या कप्प्या आणि दोऱ्या धुऊन, वाळवून, तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनने वायरिंग बघितल्याशिवाय एमसीबी उचलायचा नाही.

जी गाडी वर न्यायला जमलं नाही आणि बुडाली, ती स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की आतले दांडे वाकतात. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर बहुतेक वेळा ते नुकसान पदरी पडतं.

"जॅक आहे की, लिफ्ट कशाला?" आणि "खड्डा खणला तर?"

जॅक टायर बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, अगदी क्षणभरासाठीही नाही. वर्षातून दोनदा ऑइल बदलायचं असेल तर जॅक आणि त्याच्याबरोबर पक्के जॅक स्टँड पुरतात, लिफ्टचा खर्च नको. हे मी लिफ्ट घ्यायला निघालेल्यांनाही सांगते.

खड्डा स्वस्त वाटतो, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात तो खड्डा विहीर होतो.

जुनी लिफ्ट घ्यायला हरकत नाही, पण जाणकाराला घेऊन जा. पोलादी दोरीचे तुटलेले केस हाताला, म्हणजे हातमोज्याला लागतात का, लिफ्टच्या हातांवर नंतर केलेलं वेल्डिंग दिसतं का, क्षमतेची पट्टी शाबूत आहे का, हे बघा. पट्टी नसेल तर परत या. नवी घेताना युरोपचं ईएन १४९३ हे वाहन-लिफ्टचं मानक पाळल्याचं प्रमाणपत्र मागा, आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक मशीनवरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. कोटेशनमध्ये मशीन, पाया, वाहतूक, बसवणी आणि वर्षाची तपासणी असे वेगवेगळे आकडे लिहून घ्या. "सगळं धरून" असा एकच आकडा देतात, तेव्हा पाया बहुतेक धरलेला नसतो.

काकांकडे सध्या

चार खांबांची, एका गाडीची लिफ्ट ठरली. डाव्या बाजूची काळी माती काढून मुरूम भरला, इंजिनिअरने दिलेल्या नकाशाप्रमाणे सळया बांधल्या, स्लॅब ओतला. लिफ्ट येऊन पडली आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, तुळशीवृंदावनाच्या मागे. बसवणारे दोनदा फोन करून गेले, "लवकर घेऊ या का?" काकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. काकू सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन आळ्यांत पाणी भरतात आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारतात. काल एकोणीस झाल्या.